रिंगखालचा मुरूम

सुनंदा,

विभागाच्या स्पर्धेची यादी अखेर गेली. अकरा नावं मी तू असतानाच लिहून ठेवली होती. बारावी ओळ मात्र तू गेल्यावरही कितीतरी दिवस कोरी राहिली. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, शिपाई एकदा नुसताच टेबलापाशी उभा राहून गेला. मी म्हटलं, थांबा जरा. त्यांना वाटलं, बाई दुःखात आहेत. दुःखात होतेच, पण ओळ कोरी राहण्याचं कारण ते नव्हतं. ती ओळ प्रणालीची की तन्वीची, यावरून आपलं भांडण झालं होतं आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तू माझ्याशी इतकं वाईट कधी वागली नव्हतीस.

तुझ्या तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. सुनंदा मॅडम कधी कोणावर रागावल्या नाहीत, असं एकाने सांगितलं, तेव्हा मागे बसलेल्या तुझ्या जुन्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. जे सांगायचं होतं ते तुलाच सांगायचं होतं आणि त्यातलं निम्मं माफीचं होतं. ते मंडपात, पत्रावळींच्या आवाजात कसं सांगणार?

म्हणून लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. मी गणिताची बाई आहे, वेडी नाही.

भंडाऱ्याला कॉलेजात आपण बास्केटबॉलच्या एकाच टीममध्ये आलो, तेव्हा तू सेंटर होतीस आणि मी गार्ड. मी बॉल घेऊन पळायची, तुझ्या हातात द्यायची आणि तू रिंगखाली वळून टाकायचीस. मला वाटायचं, पळापळ मी करते आणि टाळ्या हिला मिळतात. पुढे तू पीटीची शिक्षिका झालीस, मी गणिताची, आणि योगायोगाने दोघी एकाच शाळेत आलो. ग्राउंडवर बास्केटबॉलचे पोल उभे करायचं खूळ तुझंच. गावात कबड्डी आणि खो-खो सोडून कोणी काही खेळत नव्हतं. लोक विचारायचे, मॅडम, हे जाळं फाटकं काहून बांधलं? तू त्यांना बसवून समजावून सांगायचीस. मी शाळा सुटल्यावर स्कोअरबुक घेऊन बसू लागले, ते आजतागायत बसले आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझे तास तू घेतलेस आणि गणिताच्या तासाला पोरांना ग्राउंडवर पळवलंस. परत आले तर अख्ख्या वर्गाला वर्गमूळ येत नव्हतं, पण धाप कोणालाच लागत नव्हती.

प्रणाली तुला सापडली ती सानगडीच्या पुढच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर. तू कोणाच्या तरी लग्नाला गेली होतीस. लग्न राहिलं बाजूला, तू तिथे उभी राहून बापासोबत जाळं ओढणारी ती उंच पोरगी पाहत राहिलीस. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या वहीवर हात ठेवून म्हणालीस, "मंगल, पाच फूट अकरा. अन् अजून वाढून राहिली. हात पाहिले मी तिचे. जाळं धरलं त सोडतच नाही." तुझा चेहरा असा होता की मला वाटलं, तुला सोनंच सापडलं आहे.

तिच्या गावाहून संध्याकाळी परत जायला गाडी नव्हती. प्रॅक्टिस करायची तर मुक्काम इथेच हवा. भाऊजी गेल्यापासून तू घरात एकटीच होतीस. गेल्या वर्षी तू तिला घरी आणलंस, दहावीत नाव घातलंस, तिच्या मापाचा पलंग नाही म्हणून पायथ्याशी बाक जोडलास. तुझ्या घरात शिरताना ती दरवाजात वाकायची. महिनाभराने सगळीकडेच वाकून चालायला लागली, तर तू तिच्या पाठीवर चापट मारून म्हणायचीस, "दरवाजा संपला ना, माय. आता उभी राय."

आपल्या ग्राउंडवर ती काय खेळायची, हे मी नाकारत नव्हते. तळ्याकडची रिंग वाकल्यापासून सगळी प्रॅक्टिस शाळेकडच्या एकाच रिंगवर. त्या रिंगखाली प्रणाली उभी राहिली, बॉल हातात आला, की वळायची आणि टाकायची. डोळे मिटून टाकला तरी जायचा. तू माझ्याकडे पाहायचीस. मी स्कोअरबुकात खूण करायची.

मग आपण बाहेरगावी जायचो आणि तीच पोरगी रिंगखाली उभी राहून, समोर कोणी नसताना, हातभर अंतरावरून चुकायची. एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक मॅचला. सगळं वर्ष असंच गेलं. आधी तू म्हणालीस, नवीन आहे. मग म्हणालीस, घाबरते. मग काही म्हणेनाशी झालीस आणि तिला पुन्हा पाचात उभी करायचीस.

तुझं-माझं तिथेच वाजलं. माझं म्हणणं सरळ होतं. आपल्या शाळेला सेंटर लाभत नाही. आजवर जेवढ्या उंच पोरी तू उभ्या केल्यास, त्या इथे चमकल्या आणि बाहेर विझल्या. आपल्या गार्ड मात्र कुठेही जाऊन टाकतात. मग सेंटरचा नाद सोडून पाच चपळ पोरी खेळवाव्यात. तन्वी होती की. बारावीची, बुटकी, पण पायाला भिंगरी. तिचं हे शेवटचं वर्ष. प्रणालीकडे अजून एक वर्ष आहे, तन्वीकडे एकही नाही. विभागाला बारा जणींचीच नावं जातात आणि आपल्याकडे तेरा पोरी. कोणीतरी घरी राहणार. जी पोरगी वर्षभर चुकते आहे, तिच्यासाठी खेळणारीने का घरी राहावं?

यावर तू धानाचं सांगितलंस. तुझ्या माहेरी दिघोरीला शेती, त्यामुळे तुझं सगळं धानावर जायचं. "हे भारी धान आहे, मंगल. उशिरा पिकते. हलक्यावाल्याच्या संगं कापाले गेली त हाती काय येईन? कोंडा."

मी म्हटलं, "भारी धानाले शेवटचं पाणी लागते. ते कुठून आणशीन?"

तू हसलीस. भांडणात मी बरोबर बोलले की तू हसायचीस आणि करायचीस मात्र तुझ्याच मनासारखं. हा तुझा गुण माझ्या फार डोक्यात जायचा. आज तो आठवून मी चुलीपुढे हसले आणि मग रडले.

एक गोष्ट मात्र तू त्याच सुमारास बोलली होतीस. मी ती कानाआड केली, याचं मला आता सगळ्यात वाईट वाटतं. स्कोअरबुकात पाहून तू म्हणाली होतीस, "हिचा बॉल बाजूले नाही जात ना, मंगल. खालीच लागते. रिंगच्या खालच्या कडेले. दरवेळी तिथंच." मी म्हटलं, चुकला तो चुकला. खाली चुकला काय नि वर चुकला काय, खूण एकच. आणि मी खरंच एकच खूण करत होते. वर्षभराच्या चुकांची माझ्याकडे नोंद आहे, आणि त्या सगळ्या एकाच जागी चुकल्या, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. एवढी हुशार मी.

जिल्ह्याची फायनल आपण एका गुणाने जिंकलो. प्रणालीचा एकही बॉल आत गेला नाही. शेवटचा तन्वीने टाकला. येताना कारध्याला पूल ओलांडून जीप थांबवली. पोरी आलूबोंडे खात होत्या, प्रणाली जीपमध्येच बसून राहिली होती, आणि आपण दोघी चहाचे ग्लास घेऊन बाजूला उभ्या होतो. मी म्हटलं, आता तरी यादीत तन्वीला घे. तू म्हणालीस, प्रणालीच जाईल. मी म्हटलं, का? तू म्हणालीस, "तिले आता बसवलं त ते उठणार नाही पुन्हा. मले माहीत आहे ना तिचं."

तेव्हा मी जे बोलले ते मी इथे लिहिणार आहे. लिहिलं नाही तर बाकीच्या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणाले, "स्वतःची पोरगी नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर हौस भागवून राहिली तू. बाकीच्या पोरींनी त्याचं काहून भोगावं?"

तुझा चहा अर्धा राहिला होता, तो तू सावकाश ओतून दिलास. ग्लास टपरीवर नेऊन ठेवलास. मग जीपमध्ये प्रणालीशेजारी जाऊन बसलीस. साकोली येईपर्यंत आपण बोललो नाही. नंतरचे पाच दिवसही नाही. मी रोज ठरवायची, उद्या जाऊन बोलेन. तुझ्या घरासमोरून दोनदा गेलेसुद्धा. दिवाळीचं सामान घेऊन येईन आणि सहज आल्यासारखं दाखवेन, असं मनात होतं. सहाव्या दिवशी सकाळी प्रणाली चहा घेऊन तुझ्या खोलीत गेली आणि तू उठली नाहीस. ती पळत माझ्याकडे आली. पायात चप्पल नव्हती. दारात वाकायची विसरली आणि चौकट तिच्या कपाळाला लागली. ती खूण अजून आहे.

तुझ्या तेरवीला तिचा बाप आला होता. सगळे गेल्यावर माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बाई, पोट्टी आमची कमी अन् तुमच्या मॅडमची जास्त होती. आता तुमी सांगा. खेळत असन त राहू द्या. खेळाचं काही जमत नसन त मी घेऊन जातो. घरी हाताले हात होईन." तो चिडून बोलत नव्हता. त्याचं बरोबरच होतं. ती खेळते म्हणून तर इथे होती. खेळणार नसेल तर इथे राहायचं कारण काय आणि कोणाकडे राहायचं? अकरावी तिथेच सुटली असती. प्रणाली भिंतीला टेकून ऐकत होती, माझ्याकडे न पाहता. मी म्हटलं, तोवर माझ्याकडे राहू द्या, यादी गेली की सांगते. म्हणजे तुझी बारावी ओळ भरायची तेव्हा ही पोरगी राहणार की जाणार हेही त्यातच भरायचं होतं. तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी तसं बोलले नसते, असं वाटतं. पण तसंही नसेल. माझं तोंड तुला माहीत आहे.

ललिताही आली होती त्या दिवशी. आठवते ना, पंधराएक वर्षांपूर्वीची, प्रणालीच्या आधीची सगळ्यात उंच. आता दोन लेकरांची आई आहे. ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "मले सेंटर कधी जमलंच नाही, बाई. मॅडमले माह्यावर बहुत भरोसा होता." ललिताला टीममधून काढायला तुला मीच भाग पाडलं होतं. मी तिला म्हटलं, असू दे गं. तेव्हा मला आणखी काही ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते पुढच्या आठवड्यात. दहावीला त्रिकोणमिती चालू होती. वर्गात बसून शिकवणं मला नकोसं झालं होतं, म्हणून पोरांना ग्राउंडवर नेलं. म्हटलं, रिंगची उंची काढा. खरी उंची दहा फूट, ती मला माहीत, म्हणजे उत्तर तपासायला सोपं. एका गटाला कोनमापक आणि दोरी देऊन फ्री थ्रोच्या रेषेवर उभं केलं. त्यांचं उत्तर दहा फुटांच्या आसपास आलं. शाबास म्हटलं. दुसऱ्या गटाने कोन-बीन काही मोजला नाही. एक जण पोलवर चढला, रिंगवरून टेप खाली सोडला आणि उत्तर आणलं, साडेनऊ फूट.

मी त्यांना झापलं. म्हटलं, एक तर चोरी, आणि तीही चुकीची. त्यातला एक पोट्टा शांतपणे म्हणाला, "बाई, टेप कायले खोटं बोलन?"

मी स्वतः टेप धरला. साडेनऊ फूट. पुन्हा धरला. मग फ्री थ्रोच्या रेषेपाशी गेले, गुडघे टेकून डोळा जमिनीला लावला आणि रिंगकडे पाहिलं. रिंगखालची जमीन हलकेच वर चढत गेली होती. उभ्याने पाहिलं तर कधी दिसली नसती. पोरं हसत होती, बाईंना काय झालं म्हणून. मी तिथेच बसून राहिले.

तो मुरूम तुझा होता, सुनंदा. दर पावसाळ्यात रिंगखाली पोरींच्या उड्यांनी खड्डा पडायचा, त्यात पाणी साचायचं आणि दसऱ्याच्या आधी तू पदर खोचून त्यात मुरूम भरायचीस. शाळेला सांगितलं तर वर्ष जाईल म्हणून स्वतःच घमेली वाहायचीस. खड्डा भरला तरी वर आणखी दोन-चार टाकायचीस, दबेल म्हणून. मग पाणी मारून, धुम्मसने ठोकून सपाट करायचीस. किती वर्षं? पोल उभे राहिल्यापासून. मीही घमेलं दिलं आहे तुझ्या हातात. पोरीचा पाय मुरगळू नये, एवढंच तुझ्या मनात असायचं. आणि वर्षावर्षाला रिंगखालची जमीन थोडीथोडी वर येत गेली.

गार्ड लांबून टाकतात, त्या खालच्या जमिनीवर उभ्या असतात. त्यांना रिंग दहा फुटांवरच होती. म्हणून त्या कुठेही जाऊन टाकायच्या. सेंटर एकटी रिंगखाली उभी राहते. तिची रिंग साडेनऊ फुटांवर होती. तिथे तिचे हात, तिची उडी, तिचे डोळे शिकले आणि बाहेरगावी गेल्यावर रिंग अर्धा फूट वर गेली. बॉल खालच्या कडेला लागायचा. दरवेळी तिथंच. तू हे पाहिलं होतंस. फक्त खाली पाहायचं राहिलं.

म्हणजे आपल्या शाळेला सेंटर लाभत नव्हतं हे खोटं. आपणच पोरीला चुकीच्या उंचीवर वाढवत होतो, मग बाहेर नेऊन म्हणायचो, हिच्यात हिंमत नाही. तू म्हणायचीस वेळ द्या, मी म्हणायची काढून टाका. दोघीही चूक होतो. पण तू चुकत होतीस तेव्हा पोरगी टीममध्ये राहत होती आणि मी चुकत होते तेव्हा ती घरी जात होती. हा फरक मला त्या दिवशी ग्राउंडवर बसल्या बसल्या कळला. मला ललिता आठवली. तिला अजून फोन केलेला नाही. काय सांगू, हे सुचत नाही.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. खरं सांगते, एकदा असंही वाटलं की बोलूच नये. गावात तुझं नाव निघालं की लोक ग्राउंडकडे हात करतात. तिथे तुझ्याच हातून ही चूक झाली, हे मी कशाला बोलून दाखवू? पण दिवसभरात ती पोरगी चार वेळा त्या रिंगखाली जाऊन टाकायची, एकटीच, आणि एकही चुकायचा नाही. ते पाहवेना.

मी तिला बोलावलं, टेप सोडून दाखवला. तिला कळायला वेळ लागला नाही. तिने स्वतः टेप धरून पाहिला. मला वाटलं, खूश होईल. आपली चूक नव्हती हे कळल्यावर कोणीही होईल. ती म्हणाली, "मंग आता काय करान?"

"काढून टाकू. जमीन होती तशी करू."

"मॅडमनं टाकला होता ना तो?"

"हो."

"मंग काहून काढून राहिले, बाई? राहू द्या ना. मी तिकडं गेली का उंच उडीन. मले जमते."

मी टेप गुंडाळला. इतकी वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त करते आहे, पण असं कोणी मला म्हटलं नव्हतं. तुझं घर बंद झालं, तुझे कपडे तुझ्या पुतण्याने वाटून टाकले. या पोरीकडे तुझी म्हणून उरलेली जागा तेवढीच होती, पायाखालची. आणि मी तिथे कुदळ घेऊन जाणार होते.

मी तिला म्हटलं, "मॅडमनं हा मुरूम तुझा पाय मुरगळू नये म्हणून टाकला. तुले खुजी करायले नाही. तिले कळलं असतं त तिनं तुझ्या आधी कुदळ घेतली असती. अन् माह्या नावानं ओरडली असती, तू गणिताची बाई असून कसं नाही मोजलं म्हणून."

यावर ती थोडं हसली. तुझं ओरडणं तिला आठवलं असावं.

रविवारी सकाळी आम्ही खणायला घेतलं. पहिली कुदळ मी मारली, प्रणाली लांब बसून होती. बाकीच्या पोरी घमेली भरत होत्या. वरचा थर तांबडा, या वर्षीचा. त्याखाली जरा काळपट. एका वर्षी तळ्याचा गाळ मिसळला होतास तो. त्याखाली विटांचा चुरा. बांगड्यांचे तुकडे निघाले, खेळताना कोणाच्या फुटल्या कोण जाणे. दुसरा थर निघाला तेव्हा प्रणाली उठून आली आणि तिने माझ्या हातून कुदळ घेतली. तिच्यासारखं खणायला आम्हाला कोणालाच येत नव्हतं. निघालेला मुरूम फेकू द्यायला मात्र ती तयार नव्हती. फाटकापाशी जिथे पाणी साचून तुझी स्कूटी घसरायची, तिथे तिने तो नेऊन टाकला, एक घमेलंसुद्धा इकडेतिकडे जाऊ दिलं नाही. मग धुम्मस घेऊन ठोकत बसली. जमीन मूळ पातळीला आल्यावर मी पोलवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. पुढच्या पावसाळ्यात खड्डा पडेल, मुरूम टाकावा लागेल. तो त्या रेघेपर्यंतच टाकायचा.

दुपारी तिने टाकायला सुरुवात केली. चुकले. सगळे खाली लागून परत आले. आता आपल्या ग्राउंडवरही ती चुकत होती. पोरी बॉल आणून देत होत्या. तन्वीही होती. मी स्कोअरबुकात दोन प्रकारच्या खुणा करायला सुरुवात केली, खाली चुकला तर एक, बाजूला चुकला तर दुसरी. बाजूला एकही नव्हता.

त्याच दिवशी मी बाराव्या ओळीत प्रणालीचं नाव लिहिलं. ती चुकत असताना लिहिलं, हे तुला मुद्दाम सांगते. जमायला लागल्यावर तर कोणीही लिहिलं असतं. तन्वीला मी स्वतः सांगितलं, ग्राउंडच्या कडेला उभी करून, कारणासकट. ती म्हणाली, "बाई, मुरूम काही मी नव्हता टाकला." आणि निघून गेली. माझ्याशी अजून बोलत नाही. तिचं चुकलेलं नाही. हे ओझं तू माझ्यावर टाकून गेलीस आणि मी ते तन्वीच्या डोक्यावर दिलं. त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही, तुला सापडलं असतं असंही मी म्हणणार नाही.

प्रणालीच्या बापाला निरोप पाठवला की पोरगी माझ्याकडेच राहील. माझ्या दोन्ही पोरांची खोली तशीही रिकामीच होती. तुझ्या घरचा बाकही उचलून आणला, पायथ्याशी जोडायला.

परवा सरावाची मॅच खेळायला भंडाऱ्याला गेलो. सिमेंटचं पक्कं ग्राउंड. प्रणाली पहिल्या अर्ध्यात पाच चुकली. चार खाली लागले. पाचवा वरच्या कडेवर बसला, जरा फिरला आणि बाहेर पडला. मी तुझ्या जागेकडे पाहिलं. तिथे पाण्याची कॅन होती. दुसऱ्या अर्ध्यात तिने पाठ रिंगकडे करून बॉल घेतला, वळली आणि टाकला. तू वळायचीस तसाच डावा खांदा आधी. बॉल वरून आत पडला. जाळीला लागल्याचा आवाज आला. तेवढा एकच गेला. मॅच आपण हरलो.

मी खाली मान घालून खूण करत होते. शेजारी त्यांच्या टीमच्या बाई बसल्या होत्या. आपल्या भागातल्याच, वयस्क, तुला ओळखत नसाव्यात. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "हे उंचवाली पोट्टी चांगली तयार होऊन राहिली हो. कोणाची पोरगी आहे?"

मी म्हटलं, "आमच्या सुनंदाची."